मुद्देबाईंनी जिंकलेला वाद

शाळेत त्यांना नाव पडलं होतं मुद्देबाई. कोणत्या वर्गाने ते ठेवलं हे कुणालाच आठवत नव्हतं, पण बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. दिवसभर त्या नववीला भाषा शिकवायच्या. शाळा सुटली की दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत वादविवादाची तयारी करून घ्यायच्या. त्या खोलीचा एक बाक मोडका होता आणि एक खिडकी कधीच बंद व्हायची नाही. एखादं पोर पाल्हाळ लावायला लागलं की बाई खडूने टेबलावर टक् टक् करायच्या. "गाडी कुठे चाललीये? मुद्द्यावर ये." पोर गडबडायचं, थांबायचं आणि बहुतेक वेळा खरंच मुद्द्यावर यायचं.

"समोरच्याला पटवायचं तर तीन दारं असतात," हे त्यांचं दरवर्षीचं पहिलं वाक्य. "एक डोक्याचं. तिथे कारण द्या, पुरावा द्या. दुसरं मनाचं. तिथे त्याला हसवा, हेलावा, थोडं घाबरवा. तिसरं दार तुमचं स्वतःचं. तुमच्यावर त्याचा विश्वास आहे का? तो असेल तर बाकीची दोन ढकलावीसुद्धा लागत नाहीत, आपोआप उघडतात."

मग एकेक युक्ती यायची. उत्तर आपल्याच खिशात असेल असा प्रश्न विचारायचा. महत्त्वाचा शब्द तीनदा उच्चारायचा, चौथ्यांदा नाही. चौथ्यांदा लोक हसतात. समोरच्याचा एखादा लहानसा मुद्दा मोठ्या मनाने मान्य करून टाकायचा, म्हणजे मोठा मुद्दा काढून घेताना त्याला फार दुखत नाही. एका गोष्टीला मात्र त्यांच्या खोलीत बंदी होती. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं बुजगावणं. समोरचा जे म्हणतोय ते सोडून त्याचं एक पेंढा भरलेलं सोंग उभं करायचं आणि त्यालाच झोडपायचं. "टाळ्या पडतात, परीक्षकही फसतात," बाई म्हणायच्या, "पण ही लबाडी आहे." एका मुलीने अशाच बुजगावण्यावर पहिलं बक्षीस आणलं होतं. बाईंनी तिची पाठ थोपटली नाही. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यापाशी उभं केलं आणि हरलेल्या मुलाचं खरं म्हणणं काय होतं ते लिहायला लावलं. मुलगी लिहिता लिहिता रडली. बाईंनी तिला पाणी दिलं, पण पूर्ण लिहून घेतलं.

त्यांचे यजमान बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेची लहानशी खोली, समोर माइक, भिंतीवर गाड्यांची वेळापत्रकं आणि खुर्चीवर हा शिडशिडीत माणूस. एरवी घरात दहा वाक्यं बोलला तर खूप, पण त्याचा आवाज अख्ख्या स्थानकाने ऐकलेला. त्या आवाजात घाई नसायची. गाडी दोन तास उशिरा येणार असली तरी ते असं सांगायचे, की माणसं शिव्या घालायच्या ऐवजी पिशव्या खाली ठेवून बसायची. एखादं मूल हरवलं तर त्याच्या आईला हाक मारताना ते आवाज आणखी खाली आणायचे. "आरडाओरडा केला तर ती घाबरेल," म्हणायचे. "हळू बोललं की कळतं, मूल सुखरूप आहे."

दोघांची ओळखच भांडणातून झाली होती. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. फलाट तीन सांगितला आणि गाडी चारवर लागली, म्हणून त्यांची गाडी चुकली. त्या तरातरा काचेच्या खोलीत शिरल्या आणि पहिला मुद्दा मांडला. उद्घोषकांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. चूक माझी." बाईंच्या हातात आणखी चार मुद्दे शिल्लक होते आणि ते ऐकायला कुणीच उरलं नव्हतं. पुढे त्या हसत सांगायच्या, "ते चार मुद्दे सांगायला मी परत गेले. मग परत गेले. मग लग्नच केलं."

संसारात प्रत्येक वाद बाईंनी जिंकला. कोणत्या मजल्यावर घर घ्यायचं, लेकीला कोणत्या शाळेत घालायचं, खिडक्यांना कोणता रंग द्यायचा. यजमान ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "मान्य." कधी लेक चिडवायची, "बाबा, तुम्ही परत हरलात!" तर म्हणायचे, "हरलो कुठे? पटलं मला."

त्या वर्षी त्यांचा घसा बसला. सगळ्यांना वाटलं, बोलून बोलून बसला असेल. दोन महिने काढे, वाफा, विश्रांती, सगळं झालं. स्थानकावर एक बदली माणूस आला आणि प्रवासी काचेवर टकटक करून विचारू लागले, "आपले नेहमीचे साहेब कुठे गेले?" मग मोठ्या रुग्णालयात तपासण्या झाल्या आणि एका दुपारी दोघं शल्यविशारदांच्या समोर बसले.

डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी कोऱ्या कागदावर गळ्याचं चित्र काढलं, गाठ कुठे आहे ते दाखवलं आणि म्हणाले, "दोन वाटा आहेत. एक म्हणजे शस्त्रक्रिया. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. श्वासासाठी गळ्याला समोरून कायमचं छिद्र राहील. आवाज जाईल. दुसरी वाट किरणोपचारांची, सोबत औषधं, सात आठवडे. त्रास होतो, पण आवाज बहुधा टिकतो. घोगरा का होईना, स्वतःचा असतो. पाच वर्षांचा विचार केला तर शस्त्रक्रियेने दहातला एखादा माणूस जास्त वाचतो. फरक तेवढाच आहे. आणि किरणांनी भागलं नाही, तर शस्त्रक्रिया नंतरही करता येते. अवघड जाते, पण येते. दोन्ही वाटा चुकीच्या नाहीत. तुम्ही दोघं घरी बसून ठरवा."

'स्वरयंत्र पूर्ण काढायचं' या शब्दांनंतरचं काहीच यजमानांच्या कानात शिरलं नाही. बाईंना ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते चित्राकडे बघत होते, पण डोळे तिथे नव्हते. बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर ते बसक्या आवाजात म्हणाले, "तू नीट ऐकलंस ना सगळं? मला काही धड समजलं नाही. घरी गेल्यावर सांग."

"सांगते," बाई म्हणाल्या.

बाईंनी तीन दिवस सांगितलं नाही. त्या विचार करत होत्या, असं त्यांचं म्हणणं. खरं तर विचार रुग्णालयाच्या पायऱ्या उतरतानाच संपला होता. दहातला तो एक माणूस त्यांच्या छातीवर येऊन बसला होता. तो एक म्हणजे आपलाच माणूस असला तर? त्यापुढे त्यांना काही दिसतच नव्हतं. मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. शाळेतला एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि तयारीला लागल्या.

रविवारी सकाळी नाश्ता उरकल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांच्या समोर बसल्या. लेक सासरी होती आणि तिला सातवा महिना लागला होता.

"डॉक्टरांचा कल शस्त्रक्रियेकडे आहे," बाईंनी सुरुवात केली. डॉक्टरांचा कल कुठेच नव्हता. पण ती वाट त्यांनी आधी सांगितली होती, हे खरं होतं.

"आणि दुसरं काय ते? किरणं का काय?" यजमान म्हणाले. "त्यात आवाज राहतो म्हणाले ना? तेवढं मला ऐकल्यासारखं वाटतं."

"राहतो, मी नाही म्हणत नाही." बाईंनी लहान मुद्दा मान्य करून टाकला. "पण कसला आवाज? घोगरा. तुम्हाला तो चालेल? तुम्हाला? सात आठवडे रोज गळा भाजून घ्यायचा, अन्न गिळता येणार नाही, आणि एवढं करून ते परत उलटलं तर? मग हातात काय राहतं, सांगा."

मग हातात काहीच राहत नाही, असंच यजमानांना वाटलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. प्रश्न बांधलाच तसा होता.

"पण आवाज गेला तर मी कोण?" ते हळूच म्हणाले. "तू हसशील. मला दुसरं काही येतच नाही गं. जेवढं मिळेल तेवढं मिळेल, पण बोलत..."

"तुम्ही कोण? तुम्ही तुमच्या लेकीचे बाबा. तीन महिन्यांनी तुम्ही कुणाचे तरी आजोबा. ते मूल तुमचा आवाज मागेल का? त्याला आजोबा लागतील. मांडीवर घ्यायला हवेत, बोट धरायला हवेत, घरात असायला हवेत." तीनदा. चौथ्यांदा नाही.

यजमानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "मान्य."

पहिलं वाक्य सोडलं तर बाईंच्या बोलण्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. नंतर त्यांनी स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं. भांडी धुवायला त्या उठल्या तेव्हा त्यांना एक क्षण, अगदी एकच क्षण, स्पर्धा जिंकल्यावर वाटतं तसं वाटलं. तो क्षण पुढे त्यांना जन्मभर नको नकोसा झाला.

शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर खूश होते. शुद्धीवर आल्यावर यजमानांनी सवयीने ओठ हलवले आणि काहीच बाहेर पडलं नाही. आपल्याला हे माहीत होतं, हे आठवायला त्यांना एक-दोन सेकंद लागले. त्या सेकंदांत बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला. पुढे कधी डोळे मिटले की तो चेहरा समोर यायचा.

घरी आल्यावर एक लहान पांढरी पाटी आणली, दोरीने गळ्यात अडकवायची, सोबत निळं पेन. गळ्याशी धरून बोलायचं एक यंत्रही रुग्णालयाने दिलं. त्यातून निघणारा खरखरीत, एकसुरी आवाज त्यांनी एकदा ऐकला आणि यंत्र बंद करून कपाटात ठेवून दिलं. बाईंनी चारदा काढून दिलं, त्यांनी चारदा परत ठेवलं. कामावर त्यांना वेळापत्रकं तयार करायच्या खोलीत घेतलं. माइकच्या खोलीत यंत्रातली एक बाई बोलायला लागली. तिचे उच्चार स्वच्छ होते आणि हरवलेल्या मुलाच्या आईलाही ती फलाटाच्याच सुरात हाक मारायची. यजमान हे पाटीवर लिहायचे, स्वतःच हसायचे आणि बाहीने पुसून टाकायचे.

नात झाली. बाईंनी टेबलाशी जे म्हटलं होतं ते सगळं खरं ठरलं. आजोबांनी तिला मांडीवर घेतलं, बोट धरून चालवलं. त्यांच्या गळ्यावरच्या जाळीच्या कापडाची तिला भीतीही वाटली नाही. त्यामागून येणाऱ्या श्वासाची फुर्रफुर्र तिला इतकी आवडायची, की ती कान लावून झोपायची. त्यामुळे बाईंना कित्येकदा वाटायचं, आपलं चुकलं नाही. आणि तरी घरात काहीतरी बदललं होतं. पूर्वी त्या बोलायच्या आणि ते ऐकायचे, पण ऐकता ऐकता 'हं', 'बरं', 'असं होय' असं काहीतरी चालू असायचं. आता बाई बोलायच्या आणि समोर फक्त श्वास चालायचा. मग त्या आणखी बोलायच्या. पाटी भरायला वेळ लागतो आणि बाईंना धीर नव्हता. त्यांनी दोन शब्द लिहिले की बाई वाक्य पूर्ण करून टाकायच्या. कधी बरोबर, कधी चूक. चूक झाली तरी ते मान हलवून पुसून टाकायचे. कोण परत लिहीत बसणार?

अशी अडीच वर्षं गेली.

दर तीन महिन्यांनी तपासणी असायची. बाईंना शाळा असली की ते एकटेच जायचे. एका बुधवारी ते बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत होते आणि शेजारी एक शिंपी येऊन बसला. गप्पिष्ट माणूस. ह्यांच्या गळ्यातली पाटी पाहून त्यानेच सुरुवात केली. त्यालाही तोच आजार होता, तीच जागा, तोच टप्पा. सहा वर्षं झाली होती. "मी म्हटलं, डॉक्टर, कापाकापी नको, किरणं द्या. ते म्हणाले, चालेल. नाहीच जमलं तर नंतर कापू की, ती वाट काही बंद होत नाही." त्याचा आवाज घोगरा होता. पण त्या घोगऱ्या आवाजात त्याने गिऱ्हाइकांचे किस्से सांगितले, मध्येच सुईच्या नावाने शिवी घातली आणि आत बोलावल्यावर "आलो, आलो!" म्हणून ओरडला.

त्या दिवशी बाई घरी आल्या तेव्हा यजमान स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. पाटी पालथी ठेवली होती. बाईंनी पर्स अडकवली, चहाचं आधण ठेवलं, "काय म्हणाले डॉक्टर?" विचारलं. त्यांनी पाटी उलटी केली.

'किरणांनंतरही शस्त्रक्रिया करता येते. तुला माहीत होतं?'

बाईंना पाच उत्तरं सुचली. पाचही चांगली होती. ती अवघड जाते. दहातला एक. नातीचं तोंड पाहिलंत की नाही? माझ्या जागी तुम्ही असता तर? आणि आता बोलून काय उपयोग? ती पाच उत्तरं रांगेत, छातीठोकपणे उभी राहिली आणि बाईंना त्यांची शिसारी आली.

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत होतं."

यजमानांनी सावकाश पुसलं. सावकाश लिहिलं. या वेळी बाईंनी त्यांचं वाक्य पूर्ण केलं नाही.

'का?'

"मला भीती वाटली. तुम्ही जाल म्हणून. दुसरं काही नाही. सगळे मुद्दे मी नंतर शोधले."

आधण उकळून सांडायला लागलं तरी कुणी उठलं नाही. ते लिहीत होते. पाटी लहान होती, त्यामुळे अक्षरं बारीक बारीक होत कडेला चिकटली.

'मग भीती वाटते असं का नाही सांगितलंस? कदाचित मी तेवढ्यावर हो म्हटलं असतं. कदाचित नसतं म्हटलं. पण ते माझं असतं.'

बाईंनी ते वाचलं. दोनदा वाचलं. गॅस बंद करायला त्या वळल्या आणि परत बघेपर्यंत त्यांनी पुसून टाकलं होतं.

त्यानंतर अकरा दिवस बाईंसाठी पाटी कोरी राहिली. यजमान रागावलेले दिसत नव्हते. वेळेवर जेवायचे, कामावर जायचे, नात आली की तिच्याशी खेळायचे. तिच्यासाठी पाटीवर मांजरं काढायचे, पण बाई खोलीत आल्या की मांजर पुसायचे. बाईंनी माफी मागितली. एकदा साधी, एकदा रडून. दुसऱ्यांदा मागताना आपण 'अहो, मी तरी काय करणार होते?' असं म्हणतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या वाक्याच्या मध्येच गप्प झाल्या. हाही पुन्हा तसलाच प्रश्न होता, उत्तर आपल्याच खिशात ठेवलेला.

बाराव्या दिवशी सकाळी पाटीवर लिहिलं होतं, 'गॅस संपलाय.' बाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि हमसून हमसून रडल्या. यजमानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग नवीन टाकी लावायला गेले.

पण पहिल्यासारखं काही झालं नाही. तसं व्हायला माणसांना बरीच वर्षं लागतात आणि त्यांच्याकडे तेवढी वर्षं नव्हती.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आजार फुप्फुसात निघाला. डॉक्टरांनी एक औषध सुचवलं, शिरेतून द्यायचं, दर तीन आठवड्यांनी. या वेळी बाईंनी डॉक्टरांचं बोलणं शब्दशः लिहून घेतलं. घरी जाऊन वाचलं, दोन गोष्टी अर्धवट वाटल्या म्हणून दुसऱ्या दिवशी परत जाऊन विचारल्या, आणि एक गोष्ट तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही परीक्षेला बसणार आहात का?" बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी नापास झाले होते."

मग त्यांनी यजमानांना सगळं वाचून दाखवलं. औषध घेतलं तर काय, नाही घेतलं तर काय. किती महिने मिळू शकतील, त्यातले किती अंथरुणावर. दोन्ही बाजू वाचताना आवाज सारखाच राहावा म्हणून त्या इतक्या जपून वाचत होत्या, की मध्येच धाप लागली. वाचून झाल्यावर कागद त्यांच्याकडे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. घेऊन बघा ना, घेऊन बघा, घेऊन बघा, असं आतून चाललं होतं. ते त्यांनी दातांमागे धरून ठेवलं.

यजमानांनी कागद स्वतः परत वाचला. मग लिहिलं, 'तुला काय वाटतं?'

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. "तुमच्याशिवाय घरात बसायची. मुद्दा काही नाही."

त्यांनी मान डोलावली. चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी औषध नको असं लिहिलं. बाईंनी 'का' विचारलं नाही. 'का' विचारलं की पुढचं आपल्या जिभेवर आपोआप येईल, ही त्यांना खात्री होती. "मान्य," त्या म्हणाल्या. हा शब्द उच्चारायला इतका जड असतो, हे त्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

साडेपाच महिन्यांनी एका दुपारी ते गेले. खिडकीतून ऊन पलंगावर येत होतं, त्यांनी हाताने पडदा ओढायची खूण केली. बाईंनी पडदा ओढला आणि वळून पाहिलं तर श्वासाची ती फुर्रफुर्र थांबली होती.

महिन्याभराने बाई शाळेत रुजू झाल्या. वादविवादाच्या खोलीत त्यांनी एक नवा नियम केला. उभं राहिल्यावर पहिली दोन मिनिटं समोरच्याचीच बाजू मांडायची, आणि ती इतकी प्रामाणिकपणे, की त्याने "हो, मला हेच म्हणायचंय," असं स्वतः म्हटलं पाहिजे. तो तसं म्हणत नाही तोवर आपला मुद्दा काढायचा नाही. मुलांना आधी मजा वाटली, मग ती वैतागली. कारण दोन मिनिटं प्रामाणिकपणे विरुद्ध बाजू मांडली की मध्येच कुणाकुणाला तीच पटायला लागायची. "बाई, मला आता माझाच विषय आवडेना," एक जण काकुळतीला येऊन म्हणाला. लागोपाठ दोन वर्षं शाळा आंतरशालेय स्पर्धेत हरली. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, "बाई, आपली मुलं दुसऱ्या शाळेचीच बाजू जास्त छान मांडतात, असं परीक्षक म्हणाले. असं कसं चालेल?"

"चालत नाही, हे दिसतंय," बाई म्हणाल्या. पण नियम त्यांनी बदलला नाही, आणि निवृत्तीला दीडच वर्ष उरलंय म्हणून मुख्याध्यापिकांनीही फार ताणलं नाही.

लेकीला आईची काळजी होती. एका शनिवारी सकाळी तिने फोन केला आणि आईने आता आपल्याकडेच राहायला यावं हे पटवायला लागली. तयारी करून बसली होती, हे बाईंना पहिल्याच वाक्यात कळलं. शेवटी लेक त्यांचीच. तिने जिन्याचा मुद्दा काढला, बाईंच्या गुडघ्यांचा काढला, नातीला आजी हवी हे दोनदा म्हणाली. बाई ऐकत राहिल्या. मग लेक म्हणाली, "आणि आई, बाबांनाही हेच हवं असतं."

"बाबांना काय हवं, ते मी एकदा ठरवलं होतं," बाई म्हणाल्या. "ते परत नको."

"म्हणजे?"

लेकीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं आणि आईचं धाडस झालं नव्हतं. बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचं चित्र, दोन वाटा, रविवारची सकाळ, शिंपी, पाटी. स्वतःची बाजू सावरली नाही आणि उगाच काळीही केली नाही. पलीकडे मध्येच नात काहीतरी मागत होती आणि लेक तिला "थांब हं," म्हणाली.

"मी असते तर मीही तेच केलं असतं," लेक शेवटी म्हणाली.

"केलंही असतंस. त्याने काय होतं?"

"आई, बाबा रागातच गेले का गं?"

"माहीत नाही. मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस? तुला बरं वाटलं असतं."

"विचारलं असतं तर त्यांनी 'नाही' लिहिलं असतं," बाई म्हणाल्या. "खरं असो नसो, माझ्यासाठी लिहिलं असतं. ते त्यांना लिहायला लावायचं नव्हतं मला."

लेक रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. गप्प बस म्हटलं नाही की समजावलंही नाही; फोन कानाला लावून नुसत्या बसून राहिल्या. शेवटी लेकीने नाक पुसलं आणि उद्या येते म्हणाली, राहायला बोलवायला नाही, नुसतीच येते. "ये," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि वरची वही उघडली. पहिलंच पान कुणीतरी फार मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.